तांते म्युरिअलची यादी

हॉलंडमध्ये, न्यूनेनला, अंबरीशच्या घरी शनिवारी सकाळपासून साखरेचे पुडे वळायचं काम चाललं होतं. त्याच्या बायकोनं, मृदुलानं, सोनेरी कागद आणला होता तो नाताळच्या भेटी गुंडाळायचा, सेलमधला. त्यामुळे नीट निरखून पाहिलं तर प्रत्येक पुड्यावर कुठे ना कुठे एखादं शिंगवालं हरीण दिसायचं. मृदुला ते हरीण मागच्या बाजूला जाईल असं बघून पुडा वळत होती. तिच्या धाकट्या जावेचं, आसावरीचं, त्याकडे लक्ष नव्हतं. तिच्या पुड्यांवरची सगळी हरणं पुढे तोंड करून उभी होती.

आसावरीच्या मुलाचा, सौमित्रचा, साखरपुडा रविवारी संध्याकाळी होता. गुंजन त्याची कॉलेजपासूनची मैत्रीण, अ‍ॅमस्टरडॅमला झुइडासच्या ऑफिसांच्या भागात नोकरीला. तिचे आईवडील, दीनानाथराव आणि संध्याताई, त्यासाठी पुण्याहून आले होते. कार्यक्रम दीराच्या घरी ठेवायचा हे अंबरीशनंच परस्पर ठरवलं होतं. तो थोरला, घर मोठं, शिवाय आइंडहोवनच्या महाराष्ट्र मंडळाचा दोनदा अध्यक्ष झालेला. त्याच्या धाकट्या भावानं, राजननं, नेहमीप्रमाणे "दादा म्हणतोय तर" एवढं म्हणून मान डोलावली होती. म्हणून रॉटरडॅमचं स्वतःचं घर सोडून राजन, आसावरी आणि सौमित्र शुक्रवारपासून इथे मुक्कामाला होते.

आणि गुरुवारी पहाटे तांते म्युरिअल गेली होती.

तांते म्हणजे डच भाषेतली मावशी. आसावरीनं राजनला सांगितलं तेव्हा तो "अरेरे" म्हणाला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, तेही मनापासून. पण मग त्याच्या फोनवर केटररचा मेसेज आला. जावेला आसावरीनं नुसतं "ओळखीच्या एक बाई गेल्या" असं सांगितलं होतं. पंचवीस वर्षं ह्या घरात तांते म्युरिअलचा उल्लेख "ओळखीच्या बाई" असाच होत आला होता. पहिल्यांदा तसं कोण म्हणालं हे आसावरीला आठवत नव्हतं. तिची खात्री होती, की ती स्वतःच.

"आई!" सौमित्र वरच्या मजल्यावरून जिना उतरत ओरडला. त्याच्या हातात प्रिंटरमधून काढलेला कागद होता. "ल्युसिअनचा मेल आलाय. तो म्हणतोय, इंडियन नावांचं स्पेलिंग चेक करा. उद्या अकरा वाजता तू वाचणार ना?" मग जेवायच्या टेबलाशी थांबून तो हसायला लागला. "काका, यू आर ऑन द लिस्ट टू!"

"कसली लिस्ट?" अंबरीश म्हणाला. तो पाहुण्यांना बसवायच्या खुर्च्या मोजत होता.

सौमित्रनं डचमध्ये लिहिलेला मजकूर मोडक्यातोडक्या मराठीत सांगायला सुरुवात केली. हा मुलगा आईशी बोलताना दोन वाक्यं मराठीत बोलून तिसऱ्याला इंग्लिशमध्ये निसटायचा. पण आज त्याला मजा वाटत होती. "आमची प्रिय आई, आजी, पणजी, बहीण, आणि रेडिओ क्रिन स्टेनची फाउंडर, म्युरिअल पिनास, वय अठ्ठ्याऐंशी, ही गेली. तिच्या मागे मुलगा ल्युसिअन... मग खूप नावं आहेत... मग, क्वेकी-मुलगी आसावरी. जावई राजन. नातू सौमित्र. आणि न्यूनेनचे अंबरीश आणि मृदुला."

मृदुलाचा हात पुड्यावरच थांबला. "क्वेकी म्हणजे?"

"पोटची नाही, पण वाढवलेली," आसावरी म्हणाली. "सुरीनामच्या लोकांत असतं तसं. घरात कोणी ना कोणी क्वेकी असतंच."

अंबरीशनं खुर्ची खाली ठेवली. "सुरीनामी म्हणजे आपले हिंदुस्तानी ना? भोजपुरी बोलणारे?"

"नाही भावजी. काळ्या होत्या त्या."

त्या बाई हिंदुस्तानी निघाल्या असत्या तर अंबरीशनं आत्ता त्यांचं गाव विचारलं असतं, आजोबा सुरीनामच्या डच मळ्यांवर कुठल्या जहाजातून गेले ते विचारलं असतं आणि मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एक लेखही मागितला असता.

"आणि आमची नावं कशी आली ह्यात?" त्यानं विचारलं.

ती चूक आसावरीचीच होती. चूक म्हणायची तर. नोव्हेंबरात तांतेनं तिला पलंगाशेजारी बसवलं, वही काढली आणि म्हणाली, तुझी माणसं सांग. तांतेला बहुधा नवरा आणि मुलगा एवढंच हवं होतं. पण आसावरी सदाशिव पेठेत लहानाची मोठी झालेली. माणसं सांग म्हटल्यावर तिच्या तोंडून लग्नपत्रिकाच बाहेर पडली. तिनं कैलासवासी सासूसासऱ्यांपासून सुरुवात केली. तांतेनं हात वर करून थांबवलं. म्हणाली, मेलेले मला तिकडे भेटतीलच, जिवंत सांग. मग आसावरीनं थोरले दीर, जाऊ, सगळे क्रमानं सांगितले, आणि तांतेनं आपल्या ठसठशीत अक्षरात सगळे लिहून घेतले.

हे सगळं ऐकून सौमित्र पोट धरून हसला. मृदुलालाही हसू येत होतं, पण तिला एकदम काहीतरी सुचलं आणि चेहरा बदलला.

"आसावरी! म्हणजे तुला सुतक आहे? आणि तू पुडे वळत बसलीयेस?"

"काहीतरीच काय मृदुला," अंबरीश म्हणाला. "कुठली कोण बाई. सुतक कसलं?"

"थांबा हो." मृदुलानं आसावरीनं वळलेले पुडे मोजून बाजूला सरकवले. अकरा होते. ह्या बाबतीत ती नवऱ्याचं ऐकत नसे. तिच्या माहेरी भिक्षुकी होती, आणि परदेशात आल्यापासून तर तिच्या अंगात तिचे आजोबा जास्तच संचारले होते. "त्या बाईंनी तुझं केलं काय, ते सांग आधी. नुसती ओळख असेल तर काही नाही."

आसावरीनं सौमित्रकडे पाहिलं. त्याच्यासमोर हे कधी सगळं सांगितलं नव्हतं.

"हा झाला तेव्हा राजन ह्यूस्टनला होता. सिस्टिम लाइव्ह जाणार होती. आईचा व्हिसा तिसऱ्यांदा अडकला होता. तुम्ही दोघं तेव्हा इकडे आलाही नव्हतात. क्रामझोर्गची बाई आली, बाळंतिणीकडे बघायला सरकार पाठवतं ती. चांगली होती. मला गार पाव द्यायची आणि त्यावर गोड बडीशेप पसरून म्हणायची, सेलिब्रेट कर. आठ दिवसांनी ती गेली. मी एकटी, चौथ्या मजल्यावर, बाहेर बर्फ. हा रडायचा, मी पण रडायचे. तिसऱ्या मजल्यावरून तांते वर आली आणि म्हणाली, कोण मेलंय का इथे?"

"मग?" मृदुलानं विचारलं.

"मग चाळीस दिवस, वहिनी. रोज. पाल्याचं उकळलेलं पाणी घेऊन यायची. मला न्हाऊ घालायची, ह्याला मांडीवर घेऊन तेल लावायची, माझं पोट बांधायची. भाषा कळायची नाही मला. तिच्याकडे एक ट्रान्झिस्टर असायचा, त्यावर तिचाच रेडिओ लागलेला. सकाळी अकरा वाजता कोण गेलं ते सांगायचे. अमक्याची आई, तमक्याची बहीण, ह्याची आत्या, त्याचा जावई. हळूहळू वाचायचे. मी डच त्यातून शिकले."

मृदुलानं डाव्या हाताची बोटं उघडली आणि अंगठ्यानं पेरं मोजायला सुरुवात केली. "गुरुवार, शुक्रवार, शनिवार. लेकीला लग्नानंतर आईचं तीनच दिवस. उद्या सकाळी डोक्यावरून अंघोळ केलीस की सुटलीस. साखरपुड्याला काही अडत नाही."

आसावरीला हसावं की रडावं ते कळेना. तिची जाऊ सुतक मोजत होती. सुतक मोजायचं म्हणजे आधी नातं मानायला लागतं, आणि मृदुलानं ते पाच मिनिटांत मानून टाकलं होतं. पंचवीस वर्षांत हे घरात कोणाला जमलं नव्हतं, तिला स्वतःलासुद्धा.

"वा!" अंबरीश म्हणाला. "म्हणजे लागतं म्हणतेस? मग आमच्या घरातून उद्या—"

"तुम्हीच म्हणालात ना लागत नाही?" मृदुला म्हणाली. " मग नावं वाचली तर काय बिघडतं? नातं नसेल तर नुसती नावं आहेत."

"प्रश्न तो नाहीये!" अंबरीशचा आवाज चढला, मग त्यानं तो आवरला. तो वाईट माणूस नव्हता. आसावरीला ड्रायव्हिंग त्यानंच शिकवलं होतं, तेही न ओरडता. पण त्याला लोकांची फार काळजी, आणि लोक म्हणजे त्याच्या लेखी मंडळाची साडेतीनशे माणसं. "आसावरी, तू त्यांच्यासाठी केलंस, त्यांनी तुझ्यासाठी केलं. छान. तुझं नाव राहू दे. पण आडनाव आमचं आहे. उद्या संध्याकाळी व्याही घरी येणार. सकाळी रेडिओवर मयताच्या यादीत आपली नावं. दीनानाथरावांच्या कानावर गेलं तर ते विचारतील, ही काळी बाई तुमची कोण? काय सांगू मी?"

"काका, दॅट्स रेसिस्ट," सौमित्र म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"तू गप रे. जग मी बघितलंय."

"पण हे ऐकणार कोण आहे? मध्यम लहरींचं केंद्र आहे, छोटंसं. न्यूनेनला काय, डेल्फ्टलाही धड लागत नाही. नोबडी विल हिअर इट."

"कोणी ऐकणार नसेल," अंबरीश म्हणाला, "तर काढायला तरी काय हरकत आहे?"

"कोणी ऐकणार नसेल तर काढायचं कशाला?" मृदुला म्हणाली.

आसावरीनं मग खरं ते सांगून टाकलं. ऐकणार होते. उद्याचं प्रसारण शेवटचं होतं. तांते गेली, ल्युसिअन सत्तरीला टेकला, परवाना नव्यानं घ्यायला कोणी नव्हतं. उद्या अकराला तिची बातमी वाचायची आणि यंत्र बंद करायचं. ते प्रसारण रॉटरडॅमच्या शहर-अर्काइव्हमध्ये कायमचं ठेवायला एक बाई येणार होत्या. आधीच्या शेकडो कॅसेट आसावरीनंच दोन वर्षं बसून कॉम्प्युटरवर उतरवून त्यांना दिल्या होत्या. घरचे समजत होते, ती लायब्ररीत काहीतरी पार्टटाइम करते.

"कायमचं," अंबरीश म्हणाला आणि राजनकडे वळला. "राजन, तू बोल. तुझी बायको आहे."

राजन सगळा वेळ खिडकीशी उभा राहून सोनेरी कागदाचे कपटे गोळा करत होता. आसावरी त्याच्याकडे बघत राहिली. तिला त्याच्याकडून भाषण नको होतं. "राहू दे दादा" एवढे तीन शब्द पुरले असते.

"आशू," तो म्हणाला, "एक दिवसाचा प्रश्न आहे. तुझं ठेव. बाकीची नावं राहू देत ना बाजूला."

तिला राग आला नाही. माणूस तिचा होता, चांगला होता, आणि अशा प्रत्येक वेळी तो ह्यूस्टनला असायचा.

"मला काढता येत नाही," ती म्हणाली. "तिथला नियम आहे."

"कसला नियम? तूच वाचणार आहेस ना?"

"यादीतलं नाव कोणी दुसरा काढू शकत नाही. ज्याचं नाव त्यानं स्वतः यायचं. स्टुडिओत माइकसमोर बसायचं आणि म्हणायचं, मी हिचा कोणी नाही. मग खोडायचं. फोन चालत नाही, चिठ्ठी चालत नाही."

हा नियम तांतेनं केला तो केंद्र सुरू झाल्यावर सहा वर्षांनी. एक्क्याऐंशी साली तिनं आणि बंदरावर काम करणाऱ्या तिच्या नवऱ्यानं कपडे वाळत घालायच्या माळ्यावर प्रक्षेपक लपवला आणि दोरीच्या बरोबरीनं तार बांधली. परवाना बिरवाना काही नाही. सरकारी गाडी शोधत आली की तांते यंत्र बाबागाडीत घालून, वर पांघरूण टाकून गल्लीतून चालायला लागायची. तरी तीनदा जप्ती झाली. तरुण पोरांना एफएमवर नाचगाणी होती. तांतेला हव्या होत्या त्या रात्रपाळी करून आलेल्या नर्सेस आणि जहाजं उतरवणारे म्हातारे, सुरीनामचे, अँटिल्सचे, केप व्हर्देचे. ज्यांच्या खिडकीत जुना ट्रान्झिस्टर होता आणि ज्यांचं माणूस गेलं तर ह्या शहराच्या कुठल्याही पेपरात ओळ येत नव्हती. काळ्यांचा रेडिओ, असं ती स्वतःच म्हणायची, छाती काढून. नाव ठेवलं क्रिन स्टेन, म्हणजे स्वच्छ आवाज. खरखर इतकी, की ऐकणारे नावावरून चेष्टा करायचे. परवाना मिळाला तो मोठी केंद्रं मध्यम लहरी सोडून गेल्यावर, रिकाम्या झालेल्या घरात भाडेकरू ठेवावा तसा.

सत्त्याऐंशी साली बंदरावरचा एक मुकादम वारला. त्याची बायको आणि मुलगे यादी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी आणखी एक बाई आली. तिला त्याच्यापासून तीन मुलं होती. तांतेनं ती तिन्ही नावं लिहून घेतली. पहिल्या घरचे चालून आले, खिडकीची काच फोडली. तांते म्हणाली, दुसऱ्याचं नाव खोडता येणार नाही. तुम्हाला तो बाप म्हणून नको असेल तर या, बसा, सांगा, तुमचं खोडते. कोणी बसलं नाही. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता सगळी नावं वाचली गेली. त्या तिघांतली धाकटी तेव्हा दुपारच्या जेवणासाठी पाव कापत होती. आपण मोजलो गेलो हे तिला रेडिओवरून कळलं. आता ती आजी झाली आहे, आणि अजून मुकादमाच्या तारखेला केंद्रावर केक आणून देते.

अडतीस वर्षांत ते वाक्य म्हणायला दोनच माणसं माइकसमोर बसली होती.

"म्हणजे रॉटरडॅमला यायचं?" अंबरीशनं विचारलं. "साखरपुड्याच्या दिवशी सकाळी?"

"अकराच्या आत," आसावरी म्हणाली आणि उठून मृदुलानं बाजूला सारलेले अकरा पुडे उलगडायला लागली. नियम तर नियम.

*

रविवारी सकाळी मृदुलानंच तिला आइंडहोवन स्टेशनवर सोडलं. आसावरीचे केस ओले होते. राजन उठायच्या आधी ती निघाली होती. निरोप घ्यायचा नव्हता असं नाही, काय बोलायचं ते सुचलं नव्हतं. गाडीत मृदुला तिच्या सवयीप्रमाणे समोर बघून बोलली.

"तुझे भावजी काही यायचे नाहीत. रात्री खूप वेळ चडफडत होते. पण खुर्च्यांची फार कामं आहेत त्यांना."

"आणि तुम्ही?"

"माझं नाव काढायला मी येणार नाहीये. रविवारी सकाळी मला वेळ नसतो." स्टेशन आल्यावर तिनं पिशवीतून एक डबा काढून दिला. "दहीभात आहे. तिथे ठेव कुठेतरी. मला त्यांचं काही माहीत नाही, चालत असेल तर ठेव. नाहीतर तू खा."

रॉटरडॅम वेस्टमधल्या एका बंद पडलेल्या शाळेची मागची खोली म्हणजे रेडिओ क्रिन स्टेन. पुढच्या वर्गात आज पाय ठेवायला जागा नव्हती. पांढरे-काळे कपडे, डोक्याला इस्त्री केलेले रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या बायका शाळेच्या बुटक्या खुर्च्यांवर ताठ बसल्या होत्या. चौघीपाचजणींनी मांडीवर ट्रान्झिस्टर धरले होते. प्रसारण भिंतीपलीकडून होणार होतं, तरी त्यांना ते नेहमीसारखं ट्रान्झिस्टरवरच ऐकायचं होतं. अर्काइव्हच्या बाई कोपऱ्यात वायरी जोडत होत्या. आसावरीनं दहीभाताचा डबा तांतेच्या फोटोपुढे, नारळाच्या केकशेजारी ठेवला. कोणी काही विचारलं नाही.

ल्युसिअन काचेपलीकडे यंत्रासमोर बसला होता. तो रडून झाला होता आणि आता बटणं पुसत होता. आसावरी माइकसमोर बसली, यादी समोर ठेवली. दोन कागद भरून नावं होती. ती मनातल्या मनात वाचून बघत होती, कुठे श्वास घ्यायचा ते ठरवत होती, तेव्हा दार उघडलं आणि राजन आत आला.

संध्याकाळसाठी इस्त्री केलेला शर्ट त्यानं आत्ताच घातला होता. तो धापा टाकत होता. पार्किंग मिळालं नसणार. घड्याळात अकराला आठ मिनिटं कमी होती.

"इथे बसायचं?" त्यानं विचारलं.

दादा येणार नाही, पण धाकट्याला पाठवेल, हे तिला सुचायला हवं होतं. हा माणूस पंचवीस वर्षांत कधी तांतेच्या दारात आला नव्हता आणि आज आला तो हे म्हणायला. तिनं खुर्ची सोडली. नियम तिच्यासाठीही होता. तिनं टोपण काढून पेन हातात धरलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

राजन बसला. माइक बंद होता, तरी तो त्याच्याकडेच बघून बोलला.

"मी हिचा कोणी नाही," तो म्हणाला, मराठीतच. त्याला डच येत नव्हतं; ऑफिसात इंग्लिशवर भागलं, बाकी सगळं आसावरीवर. "असंच म्हणायचं ना? मला दादानं नाही पाठवलं. त्याला वाटतंय मी हार आणायला गेलोय. काल तू सांगत होतीस ना, ते सगळं मला माहीत नव्हतं. पाल्याचं पाणी बिणी. चाळीस दिवस. मी परत आलो तेव्हा तुम्ही दोघं ठणठणीत होतात, मला वाटलं, झालं सगळं आपोआप. मी त्या जिन्यावरून रोज गेलोय, आशू. सात वर्षं. तिसऱ्या मजल्यावर त्या दारात उभ्या असायच्या, हॅलो म्हणायच्या. मी हॅलो म्हणून पुढे जायचो. एकदा थांबून थँक यू म्हटलं नाही. आणि काल पुन्हा..." तो खाकरला. "जावई कसला मी. त्यांनी लिहिलंय मोठ्या मनानं. पण माझं नाव त्या यादीत शोभत नाही. खोड ते."

आसावरी पेन धरून उभी राहिली. इतक्या वर्षांत तिला ह्या माणसाकडून काय हवं होतं ते तिला आज, इथे, भिंतीला टेकल्यावर कळलं. तो बाजू घेईल ह्याची ती वाट बघत नव्हती. आपण तिथे नव्हतो हे त्याला एकदा कळावं, एवढंच हवं होतं.

काचेपलीकडून ल्युसिअननं बटण दाबलं. त्याचा आवाज छोट्या स्पीकरमधून आला. त्याला मराठीतलं अक्षरही कळलं नव्हतं. पण ह्या खुर्चीत माणूस कशासाठी बसतो ते त्याला पहिल्यापासून माहीत होतं. "आसावरी, तो काय म्हणाला? नाव खोडायचं?"

राजननं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. प्रश्न समजला नसला तरी तो कशाबद्दल आहे ते त्याला समजलं.

"नाही," ती डचमध्ये म्हणाली. "यायला उशीर झाला, असं म्हणतोय."

ल्युसिअननं काचेतून राजनकडे बघून मान लववली. "उशीर नाही झाला. अजून चार मिनिटं आहेत."

"काय म्हणाला तो?" राजननं विचारलं.

"ऊठ म्हणाला. मला बसू दे."

तो बाहेर जाऊन पुढच्या वर्गात, दाराशी उभा राहिला. खुर्ची एकही रिकामी नव्हती. अकराला लाल दिवा लागला. आसावरीनं तांते म्युरिअलचं पूर्ण नाव घेतलं, जन्माचं गाव घेतलं, मग एकेक माणूस घ्यायला लागली. घाई न करता, जशी पंचवीस वर्षांपूर्वी तिच्यासाठी घेतली जायची तशी. भिंतीपलीकडून पाच ट्रान्झिस्टरमधून तिचाच आवाज खरखरत परत येत होता. क्वेकी-मुलगी आसावरी, हे वाचताना तिला वाटलं होतं आवाज अडखळेल. तो अडखळला नाही. तो पुढच्या नावाला अडखळला. तरी तिनं ते वाचलं. स्खोनझोन, म्हणजे जावई, राजन. नातू सौमित्र. मग न्यूनेनचे अंबरीश, ज्यांना खुर्च्या लावायच्या होत्या, आणि न्यूनेनची मृदुला.

शेवटचं नाव झाल्यावर ल्युसिअननं एक मोठी कळ खाली ओढली. ट्रान्झिस्टरमध्ये नुसती खरखर उरली. बायकांनी लगेच बंद केले नाहीत.

आसावरी बाहेर आली तेव्हा रांग लागली होती. ह्या देशात माणूस गेलं की त्याच्या प्रत्येक नातेवाइकाचा हात हातात घेऊन सांत्वन करतात, आणि बायकांनी ल्युसिअनपासून सुरुवात करून दाराशी उभ्या असलेल्या नव्या माणसाला गाठलं होतं. सगळ्यांत पुढची बाई नव्वदीची असावी. तिनं राजनचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता, आणि तो कोण हे तिला ओळखू येत नव्हतं.

"तू तिचा कोण रे बाळा?" तिनं डचमध्ये विचारलं.

आसावरी भाषांतर करायला पुढे झाली. पण राजनला प्रश्न कळला होता. मघाशी सगळ्या यादीतून त्याला स्वतःचं नाव तेवढं ऐकू आलं होतं, आणि त्या नावाच्या आधी आलेला एक शब्द त्यानं घट्ट धरून ठेवला होता.

"स्खोनझोन," तो म्हणाला.

उच्चार पार चुकलेला होता. बाईनं मान हलवली, त्याचा हात थोपटला आणि पुढे सरकली. तिच्या मागची आली, तिनंही तेच विचारलं, आणि राजननं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. रांग दारापर्यंत होती. आसावरी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनं एकदाही त्याला सुधारलं नाही.